‘तू कर, मी आहे ना’ म्हणणाऱ्यांसाठी

बायको एकेचाळीस वर्षांची असताना एका रात्री म्हणाली, "मला खुणांच्या भाषेची दुभाषी व्हायचंय." मी म्हणालो, "तू कर, मी आहे ना!" आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं.

पुढचे आठ महिने हे वाक्य मी येता-जाता म्हणत राहिलो. मग एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं विचारलं, "तू आहेस म्हणतोस, तर नक्की कुठे असतोस रे?" आवाज चढलेला नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखं विचारलं. मी दोन-तीन उत्तरं मनात जुळवून पाहिली, पण एकही तोंडातून बाहेर काढण्याच्या लायकीचं निघालं नाही.

त्याला आता सहा वर्षं होत आली. ती दुभाषी झाली. माझ्यामुळे झाली असं म्हणायची माझी छाती नाही. मी थोडा कमी आडवा आलो, तेवढंच तिच्या उपयोगी पडलं. तुमच्या घरातल्या किंवा ऑफिसातल्या एखादीच्या मनात काही करायचं असेल आणि तिच्या पाठीशी उभं राहायची तुमची इच्छा असेल, तर काय करायचं ते मी माझ्या चुकांच्या क्रमानं सांगतो. मी नवऱ्याच्या जागेवरून लिहितोय. भाऊ, आई, सासू, साहेब, शिक्षिका यांनी आपापल्या मापानं उसवून-शिवून घ्यावं.

तिचं स्वप्न तिच्याकडेच राहू द्या

हे तिच्या डोक्यात आलं कुठून, ते मी कित्येक दिवस विचारलंच नव्हतं. झालं होतं असं. एका दवाखान्यात ती आपल्या नंबरची वाट बघत बसली होती. समोरच्या खोलीत एक कर्णबधिर जोडपं होतं, आणि डॉक्टर काय म्हणतात ते आईला खुणांनी सांगत होती त्यांची आठ-नऊ वर्षांची मुलगी. आईच्याच आजाराबद्दल. एका वाक्यापाशी मुलगी थांबली. डॉक्टरांकडे बघत राहिली, मग आईकडे वळून नुसती हसली. ते वाक्य तिनं सांगितलंच नाही. दार अर्धवट उघडं होतं म्हणून हे दिसलं. घरी आल्यावर बायको त्या दिवशी फारसं बोलली नव्हती, हे मला नंतर आठवलं.

आणि मी काय केलं? तिनं दुभाषी व्हायचंय म्हटलं त्याच रात्री तीन अभ्यासक्रम शोधले, त्यांची तुलना करणारा तक्ता बनवला, शिकता शिकता तिनं व्हिडिओ कसे टाकावेत याची योजना आखली. सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर जाहीरही करून टाकलं. दुपारपर्यंत सतरा अंगठे आले आणि एक प्रश्न आला: "मग घरचं कोण बघणार?" तिनं मला एवढंच सांगितलं की, तिला ते अजून काही दिवस कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

आपण उत्साही माणसं अशीच असतो. दुसऱ्याचं काही दिसलं की त्याचा ताबा घेतो. या बाबतीत मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. गोपाळरावांचा बायकोला शिकवायचा ध्यास खरा होता आणि काळाच्या कितीतरी पुढचा होता. पण अभ्यासावरून ते तिला मारत, खुर्च्या-पुस्तकं फेकून मारत. हे आनंदीबाईंनी पुढे स्वतः नवऱ्याला पत्रातून लिहिलंय. डॉक्टर व्हायची त्यांची स्वतःची ओढ आली ती चौदाव्या वर्षी जन्मलेलं मूल दहा दिवसांत गेल्यावर. १८८६ साली अमेरिकेत त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविशीही न गाठता, गेल्या. गोपाळरावांना नुसतं खलनायक ठरवणं सोपं आहे, नुसतं थोर ठरवणं त्याहून सोपं. मला त्यांच्यात माझा तक्ता दिसतो.

तर पहिल्या आठवड्यात फक्त विचारायचं आणि ऐकायचं. मला तीन प्रश्न उपयोगी पडले. यात तुला नक्की काय खेचतंय? कशाची सगळ्यात जास्त धास्ती वाटते? आणि, मी काय करू आणि काय करू नको? शेवटच्या प्रश्नाचा दुसरा भाग गाळू नका. खरं काय ते तिथेच बाहेर येतं. मला मिळालेलं उत्तर असं: "मी सराव करताना बघत उभा राहू नकोस. आणि लोकांना सांगायचं की नाही, ते मी ठरवीन."

ही दुसरी अट नुसती लाजेपोटी नसते. काही बायकांच्या घरी हे आधी कळलं तर सगळंच बंद पडतं. तिथे गुपित ठेवणं हाच आधार. तिची मूळ प्रमाणपत्रं तिच्या ताब्यात आहेत का, मेलचा पासवर्ड फक्त तिलाच माहीत आहे का, अर्जावर कुणाचा फोन नंबर आहे, एवढं तिच्याबरोबर बसून तपासून घ्या.

दोन आठवडे वही लिहा

खुणांची भाषा जगभर एकच असते असं मला वाटायचं. तसं नाही, देशोदेशी ती निराळी असते. तिला स्वतःचं व्याकरण असतं आणि त्यातलं बरंचसं चेहऱ्यावर असतं. भुवया किती वर, ओठ कसे, मान कुठे, यानं अर्थ बदलतो. त्यामुळे सराव आरशासमोर करावा लागतो. बायको शयनघरातल्या आरशासमोर उभी राहायची आणि हवेत हात चालवायची.

एक दृश्य सांगतो. ती अशीच उभी होती, दोन्ही हात छातीसमोर, भुवया ताणलेल्या, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. अकरा वर्षांचा आमचा मुलगा आत आला, आईकडे एकदा पाहिलं आणि बटण तुटलेला शर्ट तिच्या त्या हवेतल्या हातांवर ठेवून निघून गेला. त्याच्या मागोमाग मी गेलो होतो, लाइट बिलाचा कागद घेऊन. हात हवेत दिसले म्हणजे ते रिकामे आहेत, असं आम्हा दोघांनाही वाटलं होतं.

त्या रात्री मी वही काढली. घरातलं प्रत्येक काम, कुणी केलं, किती वेळ लागला. दोन आठवडे. मीच लिहायचं ठरवलं, कारण तिला लिहायला सांगणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक काम. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१८ साली दिलेला जगाचा हिशेब असा आहे: बिनपगारी घरकामात आणि माणसं सांभाळण्यात बायकांचे दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं जातात, पुरुषांचे १ तास २३ मिनिटं. म्हणजे तीन तासांचा फरक. आमच्या वहीत तो याहून जास्त निघाला. माझा समज असा होता की आम्ही जवळपास निम्मंनिम्म करतो.

वहीत एक गोष्ट मावत नव्हती. मुलाच्या शाळेच्या सहलीचा फॉर्म भरायला मला चार मिनिटं लागली, ते लिहिलं. पण फॉर्म आलाय, तो परवापर्यंत द्यायचाय, फोटो लागणार आहे, फोटो संपलेत, हे सगळं कुणाच्या डोक्यात होतं? अ‍ॅलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ मध्ये घरातल्या या डोक्यातल्या कामाचे चार टप्पे मांडले: काय लागेल याचा अंदाज, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही यावर लक्ष. ठरवण्याच्या वेळी नवरे बऱ्यापैकी हजर असतात, असं त्यांना दिसलं. पहिलं आणि शेवटचं मात्र बहुतेक बायकांवर पडतं. वाचून हसू आलं, कारण मी अगदी तस्साच. "कुठली शाळा" यावर माझं मत असायचं. "गणवेश तोकडा झालाय" हे माझ्या नजरेला कधी पडायचं नाही.

म्हणून काम घ्यायचं तर ते मुळापासून घ्या. "सांग, मी करतो" यात सांगण्याचं काम तिच्याकडेच राहतं. मी मुलाच्या शाळेचं सगळं घेतलं. शाळेच्या ग्रुपमधून तिचा नंबर काढून माझा घातला, आणि माझ्या आईच्या औषधांचं नि तपासण्यांचं घेतलं. दुसऱ्याच महिन्यात परीक्षेच्या फॉर्मची तारीख माझ्या हातून गेली. बायकोला ते आधी माहीत होतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही. ती काही बोलली नाही, मध्येही पडली नाही. मीच शाळेत गेलो, दंड भरला, कारकूनबाईंचं ऐकून घेतलं. त्या दिवशी तिनं ते निस्तरलं असतं, तर ते काम जन्मभर तिच्याकडे परत गेलं असतं.

आणि ‘मदत’ हा शब्द काही दिवस बाजूला ठेवून बघा. जीभ अडखळते. "मी तिला घरकामात मदत करतो" ऐवजी "मी घरकाम करतो" म्हणताना मला महिनाभर खोटं बोलल्यासारखं वाटत होतं. सुरुवातीला ते होतंही खोटं.

उरलेला वेळ देऊ नका

सगळ्यांची जेवणं झाली, मुलगा झोपला, आई झोपल्या, की मग रात्री साडेदहाला तिचा अभ्यास. आधी आमचं असंच चालायचं, आणि मला ती सोय फार समंजस वाटायची. ती पुस्तकावर पेंगायची. मी म्हणायचो, "झोप आता, उद्या कर." याला मी काळजी म्हणत होतो.

तिनं एकदा तिच्या कामाची एक गोष्ट सांगितली आणि माझी ट्यूब पेटली. दुभाषे मोठ्या कार्यक्रमांना जोडीनं जातात आणि साधारण वीस मिनिटांनी पाळी बदलतात. थकवा आला म्हणून बदलत नाहीत; घड्याळ पाहून बदलतात. थकल्यावर चुका वाढतात आणि त्या आपल्याकडून होताहेत हे चुकणाऱ्याला कळतच नाही. शिवाय पाळी नसलेला दुभाषी मोकळा बसत नाही. तो जोडीदारावर नजर ठेवून असतो, एखादा शब्द अडला तर पुरवतो.

आम्ही घरात तेच लावलं. मंगळवार, गुरुवार संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ, रविवारी सकाळी आठ ते अकरा. या वेळात घर माझ्याकडे. तिनं हाक मारायची नाही, मी विचारायचं नाही. वेळ ताजा असावा, म्हणजे ज्या वेळी तिचं डोकं चालतं तो; घराला नको असलेला नव्हे. दाराला आतून कडी. कडी हा आमच्याकडे मोठा वादाचा विषय झाला. मुलगा म्हणाला, आई रागावलीय का? माझ्या आईंना वाटलं, भांडण झालं. आठवडाभरात सगळ्यांना सवय झाली. पहिले दोन दिवस कुणीतरी दाराशी जाऊन उभं राहणारच, ते धरून चाला. तिथून त्यांना परत आणणं, एवढंच तुमचं त्या दोन तासांतलं खरं काम.

फोनही तुम्हीच घ्या. "ती कामात आहे, साडेनऊनंतर करेल" असं सांगायचं, पुढे काही नाही. "काय करणार, क्लास लावलाय ना बाईसाहेबांनी" असलं हसत हसत म्हणून आपण नातेवाइकांच्या बाजूला जाऊन बसतो. मी हे केलंय, आणि तिनं दाराआडून ऐकलंय.

शास्त्रज्ञ मेरी क्यूरींची गोष्ट सांगताना सगळे त्यांच्या नवऱ्याबद्दल, पिअरबद्दल बोलतात. मला त्यांचे सासरे जास्त आवडतात. १८९७ मध्ये मुलगी झाली, त्याच सुमाराला पिअरची आई वारली. मग डॉक्टर असलेले हे सासरे, युजीन क्यूरी, मुलाच्या घरी राहायला आले आणि नातीला सांभाळू लागले. १९०६ मध्ये पिअर अपघातात गेले, तरी ते सुनेच्याच घरी राहिले आणि १९१० मध्ये मरेपर्यंत नातींचं बघत होते. रेडियमच्या इतिहासात त्या आजोबांचे तास कुठेही मोजलेले नाहीत.

पैशाचं आधी बोला

हा विषय लोक शेवटी काढतात आणि तोवर कुरबुर सुरू झालेली असते. कागद घेऊन बसा. फी, येणं-जाणं, साहित्य, परीक्षा पुन्हा द्यावी लागली तर तिचा खर्च, आणि तिनं काम कमी केलं तर महिन्याला किती कमी येईल. हा शेवटचा आकडा लिहायला आम्ही दोघंही कचरत होतो. मग त्यातली एक ठरावीक रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात, हिशेब न विचारता. प्रत्येक पुस्तकासाठी "घेऊ का?" विचारावं लागलं की चाळिशीची बाईही शाळकरी होऊन जाते.

पैसा कमीच असेल तर पाळी लावा. मेरी आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या यांनी तसंच केलं होतं. ब्रोन्या पॅरिसला वैद्यकीय शिकायला गेली, धाकटी लोकांच्या घरी मुलांना शिकवायला राहून तिला पैसे पाठवत राहिली. ब्रोन्याचं झाल्यावर १८९१ मध्ये धाकटी पॅरिसला गेली आणि सुरुवातीला बहिणीकडेच उतरली. मला यात करारापेक्षा तो पाळला गेला याचं अप्रूप वाटतं. घराघरांत ‘आधी त्याचं होऊ दे, मग तुझं’ हे वचन देतात, आणि ‘मग’ येतच नाही. तेव्हा पाळी ठरवताना महिना आणि वर्ष लिहून ठेवा.

जिभेवर ताबा

"झेपेल का?" हा प्रश्न प्रेमानं विचारला तरी आत शंकाच टाकतो. तिनं स्वतःला तो शंभर वेळा विचारलेला असतो. तुम्हाला भीती वाटत असेल तर ती तुमच्या नावावर सांगा: "तू रात्री उशिरा येशील तेव्हा मला काळजी वाटेल, आपण काय करूया?" म्हणजे त्या भीतीवर काहीतरी करता येतं. "घर सांभाळून कर हं" हे तर सरळ आडकाठीचं वाक्य. आईंनी एकदा ते म्हटलं. मी म्हणालो, "आई, घर मी सांभाळतोय, तुला काही हवंय का?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. नंतर सुनेला म्हणाल्या, "मलाही पेटी शिकायची होती." एवढंच बोलल्या आणि उठून गेल्या. साठ वर्षं माझ्या आईच्या पोटात पेटी होती.

कौतुक करताना नेमकं बोला. ‘भारी’, ‘मस्त’, ‘ग्रेट’ यांनी काही कळत नाही. मला तिची भाषा येत नव्हती, म्हणून ती आपणहून काही करून दाखवायची तेव्हा मी एवढंच सांगू शकायचो: "मागच्या महिन्यात या गोष्टीला तू सहा वेळा थांबली होतीस, आज एकदाच." ते तिला आवडायचं. आणि न विचारता शिकवायला जाऊ नका. मी एकदा तिला ‘आत्मविश्वासानं हात हलव’ असा सल्ला दिला होता. जी भाषा मला येत नाही, तिच्यात.

तुम्ही साहेब असाल तर

घरातलं थोडं वळणावर आलं तेव्हा मी ऑफिसात डोळे उघडून पाहिलं. आमच्या विभागात बैठकीचं टिपण गेली तीन वर्षं एकच सहकारी बाई लिहीत होत्या. निरोपसमारंभाची वर्गणी त्याच गोळा करायच्या, नव्या मुलांना जागा-कपाटं दाखवायच्या त्याच. मी त्यांना कधी सक्ती केली नव्हती, "कोण घेतं?" विचारायचो आणि शांतता झाली की त्या हात वर करायच्या. अमेरिकेतल्या चार संशोधक बायकांनी २०१७ मध्ये हेच प्रयोगानं दाखवलं. ज्याच्यामुळे बढती मिळत नाही असं काम कुणीतरी घ्यायचं असलं की, स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटांत बायका पुरुषांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त वेळा पुढे येतात. गंमत पुढेच आहे: गटात नुसते पुरुष असले की पुरुषही तितकेच हात वर करतात. म्हणजे स्वभावाचा प्रश्न नाही. कोण करेल हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. उपाय अगदी बाळबोध आहे. हात वर करायला सांगू नका, नावांची यादी लावा आणि पाळीपाळीनं द्या. आमच्याकडे पहिली पाळी मी घेतली, टिपण भिकार झालं.

सल्ला देणारे साहेब पुष्कळ असतात. ती खोलीत नसताना तिचं नाव घेणारा साहेब हवा असतो. १९०३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी फ्रान्समधून नावं गेली होती बेकरेल आणि पिअर क्यूरी यांची, मेरीचं नव्हतं. स्वीडनचे गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांनी हे पिअरना कळवलं, आणि पिअरनी उलट लिहिलं की किरणोत्सर्गाच्या कामात आपला विचार मेरीसोबतच व्हावा. दोन पत्रं, एवढीच गोष्ट. पण एकानं कळवलं आणि दुसऱ्यानं गप्प राहून बक्षीस घेतलं नाही.

उलट, अर्धवट आधारही असतो. गणितज्ञ एमी नोटर १९१५ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात आल्या. बाईला शिकवायची परवानगी द्यायला तिथले प्राध्यापक तयार होईनात, तेव्हा तिथले मोठे गणितज्ञ हिल्बर्ट यांनी तिचे वर्ग स्वतःच्या नावावर लावून घेतले. १९१९ पर्यंत हे असंच चाललं. त्या काळात तेही धाडसच, मला कबूल आहे. तरी वर्ग ती घेत होती आणि पाटी त्यांची होती. आपल्या ऑफिसात कुणाच्या अहवालावर कुणाची सही असते, एकदा बघा.

शिफारसपत्र लिहायला बसलात तर ‘कष्टाळू’, ‘मनमिळाऊ’, ‘सगळ्यांना धरून चालणाऱ्या’ हे शब्द खोडून बघा आणि खाली काय उरतं ते तपासा. मी त्या टिपणवाल्या सहकारी बाईंचं पत्र असं तपासलं, तर काहीच उरलं नाही. त्यांनी दोन वर्षं रखडलेलं एक काम चार महिन्यांत मार्गी लावलं होतं, आणि ते मी लिहिलंच नव्हतं.

नापास झाली तेव्हा

दुभाषीच्या पहिल्या प्रात्यक्षिक परीक्षेत ती नापास झाली. घरी आली, पिशवी ठेवली, म्हणाली, "नाही झालं." मी जवळ बसलो आणि अगदी मनापासून म्हणालो, "जाऊ दे ना, कशाला एवढा जिवाला त्रास? आपलं काय अडलंय?"

ती चार दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली.

मला वाटत होतं मी तिचा भार उतरवतोय. तिनं ऐकलं ते असं की, मला हे सुरुवातीपासून बिनमहत्त्वाचंच वाटत होतं. अशा वेळी पहिल्या दिवशी काही बोलायचंच नसतं. जवळ असायचं आणि घर चालवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती बोलेल तेव्हा विचारायचं, "पुढची परीक्षा कधी असते?" आणि कडीचे तास तसेच चालू ठेवायचे. नापास झाल्याच्या पुढच्या मंगळवारी साडेसातला ती बाहेर बसून होती, टीव्ही लावून. मी काही न बोलता मुलाला घेऊन खाली गेलो. साडेनऊला परत आलो तर दार बंद होतं, आतून कडी.

ती सोडून द्यायचं म्हणाली असती तर? तर तेही तिनंच ठरवायचं होतं. ‘एवढं केलं तुझ्यासाठी’ हे वाक्य ज्याच्या मनात तयार होऊन बसलंय, त्यानं आधार दिलेला नसतो, उधारी दिलेली असते. ती सात महिन्यांनी पास झाली.

आता ती म्हणतेय, कोर्टात दुभाषी म्हणून काम करायचं तर वेगळं प्रशिक्षण लागतं. चार महिने, दुसऱ्या गावात, तिथेच राहून. परवा रात्री तिनं हे सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला आणि ओठांवर तेच जुनं वाक्य आलं. ते गिळलं आणि वही आणली. मुलगा आता सतरा वर्षांचा आहे, त्यानं न सांगता स्वतःचा रकाना आखला आणि त्यात कपडे, भांडी आणि आजीसोबत संध्याकाळी फिरणं लिहिलं. माझा रकाना बराच भरलाय. गुरुवारी मात्र अजून प्रश्नचिन्ह आहे: त्या दिवशी आईंची तपासणी असते आणि माझी ऑफिसातली बैठकही नेमकी त्याच वेळी. बैठक पुढे-मागे करता येते का, ते उद्या विचारतो.